अक्षराविना लिहिणं

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि उरलेला वेळ पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले मोडी कागद लावण्यात घालवत. 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला तो या बैठकीतून. कृष्णेच्या वरच्या अंगाला, साताऱ्यात, साधारण त्याच काळात द. ब. पारसनीस कागद, बखरी आणि जुनी चित्रं जमवत होते. वाईला हाती लागलेल्या कागदांवरून वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली बाहेर काढला. या मंडळींनी डोळे झिजवले म्हणून आज आपल्याला पानिपतच्या आधीचे आणि नंतरचे दिवस तारीखवार ठाऊक आहेत. त्यांनी कागदाला प्रश्न विचारला तो एकच : यात लिहिलंय काय? इतिहासकाराने तोच विचारायचा असतो. पण त्या कागदांत मजकुराखेरीज आणखी एक ऐवज होता, आणि त्याची नोंद कुणी घेतली नाही. तो म्हणजे लिहिणाऱ्याचा हात. रेघ कुठे धावली, कुठे अडखळली, बोरू दौतीत बुडवून आल्यावर पहिलं अक्षर किती काळं उमटलं आणि ओळीच्या शेवटी किती फिकं झालं, हे सगळं कागदावर होतं आणि अजूनही आहे.

या पुस्तकाचा विषय तो ऐवज. चिनी सुलेखनाची परंपरा आणि विसाव्या शतकात पश्चिमेत पुढे आलेली, हाताच्या मुक्त हालचालीतून साकारणारी अमूर्त चित्रकला या दोन प्रवाहांच्या संगमावर काम करणारे चित्रकार इथे भेटतील. सातारा-सांगलीच्या वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटेल. तसा तो नाही, असं माझं म्हणणं आहे, आणि ही प्रस्तावना त्यासाठीच लिहितो आहे.

आपल्या भागाची चित्रदृष्टी कशी घडली ते आधी पाहू. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी रामायण चित्रांत उतरवलं, अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं आणि यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रं तिथे भेटतात आणि, ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही, पण हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल'सुद्धा. औंध संस्थानाचे तुकडे आजच्या दोन्ही जिल्ह्यांत पडले. आटपाडी आणि कुंडल सांगलीकडे गेलं. शेजारच्या कोल्हापुरात निसर्गचित्र आणि व्यक्तिचित्र यांची जोरकस परंपरा. या सगळ्याने आपल्याला चित्रासमोर उभं राहून विचारायला शिकवलं : हे कोण? कोणता प्रसंग? कोणता घाट, कोणती नदी? दमयंती ओळखू आली की चित्र समजलं. खरेशास्त्र्यांचा कागदाला जो प्रश्न, तोच आपला चित्राला. अमूर्त चित्र त्याला उत्तर देत नाही, आणि बघणारा अवघडून पुढे सरकतो.

अशा वेळी संगीताचा दाखला देण्याची रीत आहे. मिरज हे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, तंबोरे करणाऱ्यांचं गाव. तिथल्या दर्ग्यातल्या मैफलीत बसणारा माणूस आलापीचा अर्थ विचारत नाही, मग चित्राचाच का विचारतो, असा तो युक्तिवाद. मला तो अर्धाच पटतो. आलापी ऐकणाऱ्याला रागाचे नियम माहीत असतात, निदान कानावरून गेलेले असतात. कुठला स्वर टाळलाय, कुठे परत यायचंय, याचा त्याला अंदाज असतो. अमूर्त चित्रापुढे उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असा कुठलाच धागा नसतो. तो धागा चिनी सुलेखनाने दिला, आणि म्हणूनच ही गोष्ट चीनपासून सुरू करावी लागते.

चिनी मुलाला अक्षर शिकवताना आकाराबरोबर क्रमही शिकवतात. वरचं आधी, खालचं नंतर. डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर. आडवी आणि उभी रेघ एकमेकींना छेदत असतील तर बहुधा आडवी आधी. 'योंग' नावाच्या एका अक्षरात आठ मूळ फटकारे सापडतात, म्हणून कित्त्याला ते शतकानुशतकं चालत आलंय. हा क्रम लिहिणाऱ्याला ठाऊक असतो तसा बघणाऱ्यालाही. त्यामुळे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा कागद समोर आला तरी बघणाऱ्याचा डोळा कुंचल्याच्या मागोमाग निघतो. इथे टेकवला, इथे दाबला, इथे उचलता उचलता वळवला, इथे शाई संपत आली आणि केसांच्या रेघा सुट्या दिसू लागल्या. लिहून झालेली गोष्ट तो पुन्हा घडताना पाहतो. थांग काळातला भिक्षू हुआइसू याचं ७७७ सालचं आत्मवृत्त धावत्या लिपीत आहे. अक्षरं एकमेकांत इतकी गुंतलेली की मुरलेल्या वाचकालाही ती सलग लागत नाहीत. तरी ते शतकानुशतकं जपलं गेलं, कारण मजकूर निसटला तरी क्रम निसटत नाही.

प्रस्तावना लिहायला बसल्यामुळे एक गोष्ट इथे सांगण्याचा मोह होतोच. चिनी सुलेखनातला सर्वांत नावाजलेला लेख ही एक प्रस्तावना आहे! ३५३ साली वांग शीझी आणि त्याचे स्नेही एका ओढ्याकाठी जमले, पाण्यावर मद्याचे पेले सोडले, कविता केल्या. त्या कवितांना वांगने प्रास्ताविक लिहिलं. कविता मागे पडल्या, प्रास्ताविक राहिलं. त्यात काही शब्द खोडलेले आहेत, काही मागाहून घातलेले. मूळ कागद नाहीसा झाला. सम्राटाने तो आपल्या थडग्यात नेला असं सांगतात. नकलकारांनी मात्र खोडलेले शब्दही जसेच्या तसे उतरवून घेतले. चूक झाली तर ती झाकायची नाही, हाताने जे केलं ते सगळं कागदावर राहू द्यायचं, ही शिस्त तिथली.

आता मोडीकडे येऊ. मोडी लिहिणारा आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जातो, होता होईल तो बोरू न उचलता. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. हात पुढे पळत राहील अशी सगळी योजना. त्यातून वेगवेगळी वळणं झाली. चिटणिसी, महादेवपंती, रानडी ही नावं जाणकार आजही घेतात. हालचालीचा विचार केला तर मोडी ही चिनी धावत्या लिपीची चुलत बहीण शोभते.

मग चीनमध्ये जे झालं ते साताऱ्यात का झालं नाही? अभिमानाने छाती काढण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. एक कारण अगदी हत्यारातलं. बोरू म्हणजे तासून टोक कापलेलं कडक बरू. दाब वाढवला म्हणून त्याची रेघ फुगत नाही. जाडी-बारकी येते ती कापाच्या तिरकसपणातून. चिनी कुंचला केसांचा, टोकाला सुईसारखा आणि पोटाला शाई धरणारा. मनगटाचा नुसता विचार बदलला तरी रेघेची जाडी बदलते. दुसरं कारण कागदातलं. आपला जुन्नरी किंवा दौलताबादी कागद खळ लावून, घोटून गुळगुळीत केलेला. शाई वर बसते आणि कडा स्वच्छ राहतात. चिनी श्वान कागद शाई पितो. कुंचला क्षणभर रेंगाळला की डाग पसरतो, म्हणजे संकोचसुद्धा दिसतो. आपला कागद बराचसा पोटात ठेवतो, त्यांचा सगळं सांगून टाकतो.

तिसरं कारण मात्र माणसातलं आहे, आणि मला तेच मोठं वाटतं. चीनमध्ये लिहिणारा, राज्य चालवणारा आणि अक्षराची पारख करणारा हा एकच वर्ग होता. अधिकारी परीक्षा देऊन वर येत आणि एकमेकांची पत्रं अक्षरासाठी जपून ठेवत. आपल्याकडे लिहायचं काम कारकुनाचं. सरदाराने मजकूर सांगायचा, कारकुनाने तो उतरवायचा, शेवटी शिक्का-मोर्तब. पत्रावर धन्याचा स्वतःचा हात आलाच तर त्याला स्वदस्तूर म्हणत आणि त्याला फार किंमत असे. पण ती विश्वासाची किंमत, की हा मजकूर खरोखर त्याचाच आहे. अक्षर सुंदर म्हणून कुणी पत्र भिंतीवर लावलं नाही. कारकुनाला वेग मागितला गेला, त्याने वेग दिला. त्याच्या रेषेत जे सौंदर्य आलं ते कुणी न मागता आलं आणि कुणी न पाहता दप्तरात गेलं. मोडी ही आमची चिनी सुलेखनाच्या तोडीची कला होती, असं अलीकडे उत्साहाने म्हटलं जातं. तशी ती नव्हती. पण बघायचा धागा तिच्यात आहे, आणि आपल्याला तेवढा पुरे. ज्याने पाटीवर 'अ' गिरवला आहे, त्याच्या हातात क्रम आहेच.

पश्चिमेकडचे चित्रकार या जागी उलट्या वाटेने आले. त्यांच्याकडे लिपी होती, लिहिण्याची कला उरली नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये जॅक्सन पोलॉकने कॅनव्हास जमिनीवर अंथरला आणि भोवती फिरत रंग ओतला. चित्र म्हणजे वस्तूचं रूप नव्हे, एका कृतीचा माग, ही कल्पना तिथे रुजली. मार्क टोबी मात्र त्याच्या किती तरी आधी पूर्वेकडे गेला होता. सिएटलमध्ये तेंग क्वेई या चिनी चित्रकाराकडून तो कुंचला धरायला शिकला, १९३४ मध्ये शांघायला आणि मग क्योतोजवळच्या झेन मठात जाऊन राहिला, आणि परतल्यावर गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक रेषांचं जाळं विणू लागला. त्याच्या 'ब्रॉडवे'मध्ये न्यूयॉर्कचा रस्ता आहे, पण तो काढलेला कमी आणि लिहिलेला जास्त.

फ्रांझ क्लाइनची गोष्ट मला जास्त शिकवणारी वाटते. पांढऱ्यावर काळे दांडगे पट्टे, घरं रंगवायच्या ब्रशने मारलेले. बघताक्षणी कुणीही म्हणेल, हे तर चिनी अक्षर. क्लाइनला ही तुलना मान्य नव्हती, आणि त्याचं कारण साधं होतं : तो पांढराही रंगवत असे. सुलेखनात पांढरं म्हणजे न लिहिलेला कागद. क्लाइनच्या चित्रात पांढरा काळ्याला ढकलतो, कापतो, कधी झाकून टाकतो. एका दमात मारल्यासारखे वाटणारे त्याचे पट्टे पुष्कळदा लहान रेखाटनांवरून मोठे करत, पुन्हा पुन्हा हात फिरवत केलेले असत. जपानमध्ये मोरिता शिर्यू याने १९५१ मध्ये सुलेखनाचं 'बोकुबी' हे मासिक काढलं तेव्हा पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर क्लाइनचं चित्र छापलं. जपानी सुलेखनकारांना वाटलं आपला भाऊ भेटला. क्लाइनच्या बाजूने पाहिलं तर नातं दूरचं. दोन परंपरांचा संगम म्हणताना हा गैरसमजही त्यात धरावा. पुष्कळदा संगम गैरसमजातूनच सुरू होतो आणि त्यातून खरी चित्रं निघतात.

पेइचिंगमध्ये जन्मलेला झाओ वू-की हांगचौच्या कला अकादमीत शिकला आणि १९४८ मध्ये पॅरिसला पोचला. तिथे त्याने पहिली गोष्ट केली ती म्हणजे शाई बाजूला ठेवली. आपल्याला 'चिनी चित्रकार' म्हणून कोपऱ्यात बसवतील ही धास्ती. १९५१ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये त्याने पॉल क्लेची चित्रं पाहिली, खुणा आणि चिन्हं यांनी भरलेली ती छोटी चित्रं, आणि त्याची वाट बदलली. गंमत अशी की क्ले स्वतः १९१६ च्या सुमारास चिनी कवितांच्या भाषांतरांवर चित्रं करत होता. म्हणजे झाओला चीन भेटला तो स्वित्झर्लंडमध्ये, एका जर्मनभाषक चित्रकाराच्या हातून. १९५४ च्या 'वारा' या चित्रात आकृत्या गेल्या आणि हाडांवर कोरलेल्या प्राचीन अक्षरांची आठवण देणाऱ्या, वाचता न येणाऱ्या खुणा आल्या. पुढे खुणाही विरल्या. तैलरंगातला मोकळा फटकारा उरला, आणि चित्राला नावाऐवजी तारीख. १९७० नंतर, पत्नीच्या आजारपणात मोठी चित्रं हातून होईनात तेव्हा, कवी-चित्रकार आंरी मिशो या मित्राच्या आग्रहावरून तो शाईकडे परतला. तोवर कोपऱ्यात बसवलं जाण्याची भीती संपली होती.

क्लेचं बोट धरून अमूर्ताकडे गेलेला आणखी एक चित्रकार आपल्या घरातला आहे. वासुदेव संतू गायतोंडे, जन्म नागपूरचा, १९२४ चा, घराणं गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलचं. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या चित्रांवर क्लेची छाया स्पष्ट दिसते. मग ती ओसरते, आकृत्या विरतात, झेन विचाराकडे ओढा वाढतो. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. चिनी लोकांकडे महाकाव्य नाही हे कळल्यावर आपली सगळी दृष्टीच पालटली, अशा अर्थाचं ते एकदा बोलले होते. महाकाव्य एक प्रदीर्घ काळ एकाच सूत्रात बांधतं; गायतोंडे यांना तो काळ एकजिनसी मानणंच चूक वाटत होतं. रामायण-महाभारतावर वाढलेल्या, रविवर्म्याच्या दमयंतीवर डोळा घडलेल्या मुलखातून आलेल्या माणसाचं हे वाक्य आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्याचं वजन कळतं.

गायतोंडे यांना हातवाऱ्यांचे चित्रकार म्हणता येणार नाही. ते रोलर आणि सुरी वापरत, रंगाचे थर चढवत आणि खरवडत, कॅनव्हाससमोर दिवसचे दिवस नुसते बसून राहत. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं झाली तर झाली. पण त्या थरांवर तरंगणाऱ्या आकृत्या पाहा. कुठल्या तरी हरवलेल्या लिपीतली ती अक्षरं आहेत, आणि कुणी तरी ती पुसत आणली आहेत. १९८४ च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवर काम करणं त्यांना काही वर्षं जमलं नाही. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची रेखाटनं केली. माझ्या मते या पुस्तकाच्या विषयाला मराठी माणसाने दिलेलं सर्वांत नेमकं उत्तर त्या लहान कागदांवर आहे. अक्षर म्हणावं तर वाचता येत नाही, चित्र म्हणावं तर कशाचंच नाही. पण हात कुठून निघाला आणि कुठे थांबला ते बघणाऱ्याला कळतं. क्रम आहे, अक्षर नाही. कॅनव्हासांचा एवढा बोलबाला झाला, न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये मोठं प्रदर्शन भरवलं, लिलावांचे आकडे वर्तमानपत्रांत आले, आणि ही रेखाटनं त्या मानाने मागे राहिली, याची मला खंत आहे.

अकोल्याच्या अंबादास यांच्याबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण हवं होतं, ते नाही. 'ग्रुप १८९०' नावाच्या गटातल्या या चित्रकाराने नॉर्वेत राहून आयुष्यभर एकच गोष्ट केली : ब्रशचा फटकारा हाच विषय मानला. गायतोंडे थांबतात तिथे अंबादास वाहतात. पश्चिमेच्या मोकळ्या हाताच्या ते जवळचे, आणि तरी त्यांचा फटकारा पोलॉकसारखा उधळत नाही, एकामागून एक येतो.

लिपीकडून निघून चित्राकडे गेलेले मराठी हात वेगळे. र. कृ. जोशी कवी, शिक्षक आणि सुलेखनकार. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचा, म्हणजे आपल्यातले बहुतेक जण त्यांच्या हाताचं वळण नकळत वापरत आलो आहोत. अच्युत पालव यांनी विद्यार्थिदशेपासून मोडीचा अभ्यास केला आणि तिचा वेग मोठ्या ब्रशने कॅनव्हासवर आणला. कारकुनाच्या हाताला प्रथमच प्रेक्षक मिळाला. त्यांच्यामागून मात्र एक लाट आली आहे आणि तिच्याबद्दल मी साशंक आहे. सोनेरी ॐ, भोवती लाल-काळे फराटे, कोपऱ्यात श्लोक. यात अक्षर आधीच ठरलेलं असतं आणि फराटे नंतर शोभेला येतात. हाताला वाटेत काही सापडायची सोयच ठेवलेली नसते. दिवाणखान्याला ते शोभतं, आणि शोभायला हरकत नाही.

पुस्तक कसं पाहावं याबद्दल थोडं. यातली चित्रं प्रत्यक्ष पाहायची तर मुंबई गाठावी लागेल. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. तोवर छापील पानावर भागवायचं आहे, आणि छापील पान एका बाबतीत हमखास फसवतं. क्लाइनचं 'महोनिंग' सुमारे दोन मीटर उंच आणि अडीच मीटर रुंद आहे, गायतोंडे यांचे अनेक कॅनव्हास माणसाच्या उंचीचे, आणि मोडीचा कागद मांडीवर मावेल एवढा. इथे ते सगळे एकाच मापाचे होऊन बसतात. मोडी लिहिताना बोटं आणि मनगट हलतं, सुलेखनात कोपर आणि खांदा, क्लाइनपुढे चालावं लागतं. म्हणून प्रत्येक चित्राखाली मूळ माप दिलं आहे. आधी ते वाचावं, मग रेघेची सुरुवात शोधावी आणि बोटाने तिच्या मागे जावं. सुरुवात सापडली नाही तर तसंच सोडून पुढचं पान उलटावं. काही चित्रांना ती खरोखरच नसते, आणि टोबीच्या बाबतीत तर शोधायला जाऊच नये.